गॅलरीतलं घरटं: काय केलं, काय टाळलं

घरट्याला सगळ्यात जास्त त्रास कौतुकाचा होतो, असं माझं आता ठाम मत झालं आहे. कावळा, मांजर, ऊन हे शत्रू आहेतच. पण घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता पडदा सरकवून बघतं, पाहुण्यांना हात धरून गॅलरीत नेलं जातं, फोटो काढायला फांदी जरा बाजूला केली जाते. आणि समोरच्या तारेवर बसलेला कावळा हे सगळं निवांत बघत असतो. माणसं पुन्हा पुन्हा कुठे वाकून बघतात हे त्याला आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

या उन्हाळ्यात आमच्या गॅलरीतल्या मधुमालतीत लालबुड्या बुलबुलाच्या जोडीनं घरटं केलं. तेव्हा घरात काय काय बदलावं लागलं ते लिहून ठेवते आहे, कारण ऐन वेळी ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो.

जोडी जागा बघत फिरत होती तेव्हाच पहिली भानगड सुरू झाली. बेडरूमच्या खिडकीच्या काचेवर पहाटेपासून टकटक. त्यातला एक बुलबुल काचेत स्वतःलाच बघून चवताळायचा, शेपटीखालचा लाल पिसारा फुलवून चोच मारायचा, दमून गजावर बसायचा आणि परत सुरू. विणीच्या काळात पक्षी आपल्या हद्दीत दुसऱ्याला सहन करत नाहीत आणि काचेतला तर कधी हार मानत नाही. मुलीनं आतून कागद चिकटवला, त्यानं काही फरक पडला नाही. प्रतिबिंब काचेच्या बाहेरच्या अंगाला पडतं, त्यामुळे झाकायचं तेही बाहेरूनच. शेवटी बाहेरून साबणाच्या वडीनं काच पांढरी केली. दिसायला वाईट, पण टकटक थांबली. खाली उभ्या गाड्यांच्या आरशांवरही त्याचं तेच चाललं होतं. एका शेजाऱ्यांनी आरशांवर जुने मोजे चढवले, तो उपाय माझ्यापेक्षा सरस होता.

मग काड्या यायला लागल्या. मधुमालती छाटायची असं आमचं ठरलं होतं, कात्रीही बाहेर काढून ठेवली होती. ती परत आत गेली. घरटं बांधायचा काळ सगळ्यात नाजूक. अजून अंडी नाहीत, म्हणजे पक्ष्याचं तिथे काहीच अडकलेलं नाही. जरा धास्ती वाटली की जोडी अर्धवट काम टाकून दुसरीकडे जाते. एकदा पिल्लं झाली की तेच पक्षी आपल्या अंगावरही धावून येतात, पण या टप्प्यावर नाही. म्हणून त्या कोपऱ्याकडे जाणंच बंद केलं. कपडे वाळत घालायची त्या बाजूची दोरी सोडली. वेलीची कुंडी खाली जमिनीवर होती हे नशीब, पाणी घालायला वर हात न्यावा लागत नव्हता. लांब तोटीच्या झारीनं बुंध्याशी पाणी सोडायचं आणि मागे फिरायचं. ज्यांच्याकडे घरटं टांगलेल्या कुंडीतच होतं त्यांची पंचाईत जास्त. तिथे वरून पाणी ओतलं की घरट्याची वाटी भिजते. कडेकडेनं मातीत थोडं थोडं पाणी सोडायचं, एवढंच हातात असतं.

आणखी एक काम तेव्हाच उरकलं. गॅलरीत लोंबणारे नायलॉनचे दोरे, पतंगाचा अडकलेला मांजा, गोणपाटाच्या सुतळीची लांब टोकं, सगळं कापून फेकलं. पक्षी हे उचलून घरट्यात घालतात आणि पुढे तोच धागा पिल्लाच्या पायाला गुंडाळला जातो. पिल्लू वाढतं, धागा वाढत नाही.

वाटी तयार झाली आणि एके सकाळी तिच्यात अंडं होतं. हे कळलं ते छोट्या गोल आरशामुळे. आरसा काठीला बांधून, दोन्ही पक्षी नसताना, क्षणभर वर धरायचा आणि निघायचं. मोबाईल तिथे नेऊन फ्लॅश मारणं घरात बंद केलं होतं. अंडं फिकट गुलाबी, त्यावर तांबूस-जांभळट ठिपके, जाड टोकाकडे जास्त दाट. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

इथे सासूबाईंची काळजी सुरू झाली. "अगं, दिवसभर घरट्यात कोणी नाही. टाकून गेली वाटतं. आपण काही उबेचं ठेवू या का?" त्यांना वाटणं साहजिक होतं, कारण पक्षी खरंच फारसे बसत नव्हते. पण बहुतेक लहान पक्षी रोज एकेक अंडं घालतात आणि शेवटचं अंडं पडत आलं की मगच नेटानं बसतात. नीट ऊब मिळेपर्यंत आतल्या गर्भाची वाढ अडून राहते. त्यामुळे पहिलं आणि शेवटचं पिल्लू जवळजवळ बरोबरच बाहेर येतं आणि एक मोठं, एक बारकं अशी भानगड होत नाही. तिसरं अंडं आलं आणि मग मात्र घरट्याच्या कडेवरून एक काळी शेंडी आणि वर उभी शेपटी सतत दिसायला लागली. बुलबुलात नर-मादी दिसायला सारखेच, त्यामुळे बसलेलं कोण आणि तारेवरचं कोण हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. सासूबाई मात्र बसलेल्या पक्ष्याला "ती"च म्हणायच्या.

बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात. हा काळ बघणाऱ्याला कंटाळवाणा. पक्षी बसून आहे, उठतो, चोचीनं अंडी उलटीपालटी करतो, परत बसतो. विणीच्या दिवसांत बसणाऱ्या पक्ष्याच्या पोटाखालची पिसं झडतात आणि तिथली कातडी उघडी पडते, तिच्यात रक्तपुरवठाही वाढतो. ती गरम कातडी थेट अंड्यांना टेकते. पक्षी बसताना अंग डावी-उजवीकडे हलवून घेतो ना, ते याचसाठी. पिसं बाजूला सारून कातडी टेकवायची असते.

उन्हाचा प्रश्न होता. दुपारी तीननंतर तिरपं ऊन थेट त्या कोपऱ्यावर यायचं. तेव्हा पक्षी बसायचा नाही, उभा राहायचा. पंख थोडे फाकवून, चोच उघडी टाकून धापा टाकत, स्वतःची सावली अंड्यांवर धरून. हे बघवत नव्हतं, तरी वेलीला हात लावला नाही. कठड्याच्या बाहेरच्या अंगाला, घरट्यापासून चांगलं लांब, एक जुनी फिकट चादर बांधली. बांधून झाल्यावर सगळे आत गेलो आणि पक्षी परत येतो का ते पडद्याआडून बघितलं. आला. आला नसता तर चादर लगेच काढायची हे आधीच ठरलेलं होतं. असं काहीही करताना ही अट पाळावी असं मला वाटतं. आपण केलेली सोय पक्ष्याला पटली पाहिजे.

दुसऱ्या बाजूला, आधीपासून असलेलं पाण्याचं भांडं उचलून आम्ही मागच्या खिडकीत नेलं. पुष्कळांना हे उलटं वाटतं. घरटं झालं म्हणून लोक त्याच्याजवळ पाणी ठेवतात, दाणे टाकतात. पण त्या भांड्यावर कावळे येतात, खारी येतात, मागोमाग मांजर. बुलबुलाला पाण्यासाठी चार झाडं पलीकडे जायला काहीच वाटत नाही.

मांजराचा रस्ता पावसाच्या पाण्याच्या पाइपावरून होता. पाइपाला एका उंचीवर गुळगुळीत प्लॅस्टिकचा रुंद पत्रा गुंडाळला, नखं रुतत नाहीत असा. कावळ्यावर मात्र इलाज नाही. हाकलायला धावलं की त्याला जागा पक्की कळते. आम्ही एवढंच केलं की कावळा समोर असताना त्या दाराशी जायचं नाही, आरसा तर नाहीच. बाकी जोडीनंच बघून घेतलं. दोघं मिळून जो कलकलाट करायचे त्यानं साळुंक्या, चिमण्या, सगळ्या गोळा व्हायच्या आणि कावळ्याला तिथे बसणं नकोसं व्हायचं. एकदा एक भारद्वाज कठड्यापर्यंत येऊन गेला. त्याला अंडी-पिल्लं दोन्ही चालतात. त्या दिवशी घरात कोणाचं कामात लक्ष नव्हतं.

तिनातली दोन अंडी फुटली. तिसरं तसंच राहिलं. असं होतं. कधी अंडं फळलेलं नसतं, कधी गर्भ मध्येच वाढायचा थांबतो. आईबापांनी ते बाहेर टाकलं नाही, पिल्लं त्याच्यासकट वाढली.

पिल्लं म्हणजे डोळे मिटलेले, पिसं नसलेले दोन गोळे. फांदी जरा हलली की दोन माना थरथरत वर यायच्या आणि चोची इतक्या उघडायच्या की नुसता लालसर घसाच दिसायचा. वाऱ्यानं हलली तरी तसंच, कारण त्यांच्या लेखी हादरा म्हणजे आई. पहिले काही दिवस आईबाप नुसते किडे आणत होते. हिरव्या अळ्या, बारीक नाकतोडे, कोळी. एरवी फळं खाऊन राहणारा पक्षी पिल्लांना सुरुवातीला किडेच भरवतो, अंग भरायला प्रथिनं लागतात म्हणून. नंतर हळूहळू पिकली फळं सुरू झाली. ज्यांना बागेत औषध फवारल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी हा एक आठवडा बघावा. आमच्या जास्वंदीवरच्या अळ्या त्या जोडीनं अशा वेचल्या की मला बोट लावावं लागलं नाही. फवारणी केली असती तर तेच विष अळीतून पिल्लाच्या पोटात गेलं असतं.

या सगळ्यात मला सगळ्यात नवल वाटलं ते स्वच्छतेचं. पिल्लू खाऊन झालं की मागे वळतं, बूड वर करतं आणि एक पांढरी, जेलीसारखी पुरचुंडी बाहेर टाकते. विष्ठाच, पण पातळ पिशवीत बंद केलेली. आई किंवा बाप तिथेच थांबलेले असतात, ती चोचीत पकडतात. सुरुवातीच्या दिवसांत गिळून टाकतात, पिल्लं मोठी झाली की लांब नेऊन सोडतात. म्हणून घरट्याखाली फरशीवर डाग नव्हता. हे आम्ही आरशात नाही, थेट पाहिलं, जाळीच्या दारामागे अंधारात खुर्ची टाकून. खोलीतला दिवा बंद असला की बाहेरच्या पक्ष्याला आतलं माणूस दिसत नाही. बघायचंच असेल तर हीच जागा.

याच दिवसांत वरच्या मजल्यावरच्या काकूंची हाक आली. त्यांच्या एसीच्या मागच्या कोनाड्यात होल्याचं घरटं होतं. होल्याचं घरटं म्हणजे चार काटक्या आडव्या टाकलेल्या, खालून बघितलं तर दोन पांढरी अंडी दिसावीत इतकं विरळ. त्यातलं एक पिल्लू घसरून खालच्या फळीवर पडलेलं. काकूंनी ते हातरुमालात घेतलं होतं आणि ड्रॉपरमध्ये दूध भरून तयार होत्या.

"काकू, दूध नको."

"अगं, पण उपाशी आहे ते. आणि आता मी हात लावला, आई घेणार नाही त्याला."

दोन्ही समजुती सगळीकडे ऐकायला मिळतात. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्लू टाकत नाहीत, त्यांचा जीव त्या घरट्यात गुंतलेला असतो. आणि आपलं दूध पक्ष्याला पचत नाही. पक्ष्याची श्वासनळी जिभेच्या अगदी मागेच उघडते, त्यामुळे ड्रॉपरनं दूध किंवा पाणी सोडलं की ते सहज फुप्फुसात जातं. होल्याचं पिल्लू तर चोच वासून भरवूनही घेत नाही. होला आणि कबूतर यांच्यात आई आणि बाप दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा दाट पदार्थ तयार होतो आणि पिल्लू आपली चोच त्यांच्या चोचीत खुपसून तो पितं. ड्रॉपरनं हे जमणं शक्य नाही. घरटं पार विस्कटलं होतं, म्हणून एक छोटी, तळाला भोकं असलेली टोपली घेतली, वाळलं गवत आणि जुन्याच काटक्या घातल्या, ती कोनाड्यात पक्की बांधली आणि पिल्लू त्यात त्याच्या भावंडाजवळ ठेवलं. मग दार लावून घेतलं. काकूंना बाहेर बघू न देणं हेच सगळ्यात अवघड काम होतं. दुपारनंतर होला टोपलीत बसलेला दिसला. पिल्लू जखमी असतं, रक्त किंवा मांजराचे दात लागलेले असते, तर गोष्ट वेगळी. मांजर चावलेल्या पक्ष्याला जखम बारीक दिसली तरी जंतुसंसर्ग लवकर होतो, तिथे पक्ष्यांवर उपचार करणाऱ्याकडेच जावं लागतं.

आमच्या पिल्लांचे डोळे उघडले, पंखांवर निळसर नळ्या दिसायला लागल्या, मग त्या नळ्यांच्या टोकांतून पिसं फुटली. आता आरसा पूर्ण बंद. या वयात पिल्लांना भीती कळते आणि माणसाचं तोंड पुढे आलं की ती घरट्यातून उड्या टाकतात, उडता येत नसतानाही. एकदा उडी टाकली की परत ठेवलं तरी राहत नाहीत. त्यामुळे पिल्लं सगळ्यात गोंडस दिसायला लागतात तेव्हाच त्यांच्यापासून सगळ्यात लांब राहायचं असतं.

बुलबुलाची पिल्लं तशीही धड उडता येण्याआधीच घरटं सोडतात. आखूड शेपूट, फुगलेलं अंग, चेहऱ्यावर राग. आम्ही त्याची तयारी ठेवली होती. बादल्या पालथ्या केल्या, पाण्याच्या ड्रमवर झाकण घातलं, कारण त्यात पडलेलं पिल्लू बाहेर येऊ शकत नाही. सांडपाण्याच्या भोकावर जाळी ठेवली. एक पिल्लू वेलीवरून वेलीवर करत वर गेलं. दुसरं फरशीवर उतरलं आणि कुंड्यांच्या मागे जाऊन बसलं. मुलगी म्हणाली, "आई, ते पडलंय, उचलूया?" पिसं आलेलं, पायावर उभं राहणारं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू पडलेलं नसतं, निघालेलं असतं. जाळीचं दार लावलं, मांजराचा रस्ता तेवढा राखला. दोघंही आईबाप कुंड्यांच्या मागे ये-जा करून त्याला भरवत राहिले. संध्याकाळी ते कठड्यावर चढलं, तिथून समोरच्या कडुनिंबात. त्यानंतरही बरेच दिवस आईबाप पिल्लांच्या मागे हिंडत भरवत होते, आवाजावरून कळायचं.

घरटं लगेच काढलं नाही. पिल्लं परत येतील म्हणून नव्हे, ती येत नाहीत. पण नीट रिकामं झालंय याची खात्री हवी होती. मग हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून उतरवलं, कारण जुन्या घरट्यात गोचिडांच्या जातीचे बारीक किडे असतात आणि ते अंगावर चढले की खाज सुटते. बुलबुल शक्यतो जुनं घरटं वापरत नाही, त्याच हंगामात दुसऱ्यांदा अंडी घातली तरी नवंच बांधतो.

वर्तमानपत्रावर ठेवून ते उलगडलं. बाहेरून जाडसर काटक्या आणि पानांचे वाळलेले देठ, आत बारीक मुळं आणि गवताच्या काड्या गोल गोल वळवलेल्या. काटक्या एकमेकींना धरून होत्या त्या कोळ्याच्या जाळ्यानं. मी घरात झाडून काढते तेच जाळं, पण इथे चिमटीत धरून ओढलं तर तुटेना. मधे पारदर्शक प्लॅस्टिकची एक पट्टी, आणि आमच्याच मॉपचे पांढरे धागे. न फुटलेलं अंडं तळाशी होतं. सासूबाईंनी ते वेलीच्या बुंध्याशी मातीत पुरायला सांगितलं.

वेल अजून छाटलेली नाही, पावसाळा संपेपर्यंत छाटणार नाही. त्यातच शिंपी पक्ष्यानं बाजूच्या कुंडीतल्या रुंद पानाच्या कडांना भोकं पाडायला सुरुवात केली आहे. पान दुमडून, कडांमधून कापूस आणि जाळ्याचे धागे ओवून तो पिशवी करतो. धाग्याला गाठ नसते. भोकातून बाहेर आलेलं टोक पिंजलं जातं आणि तेच अडकून बसतं. पान झाडाला जिवंतच राहतं, त्यामुळे घरटं हिरवं आणि शोधून सापडायचं नाही. अडचण एवढीच की ती कुंडी नेमकी दारात आहे. दार अर्धंच उघडतं आणि वॉशिंग मशीन दुरुस्त करायला येणाऱ्याला मी पुढच्या महिन्यात या म्हणून सांगितलं आहे. तोपर्यंत कपडे हातानं धुवायची पाळी कोणाची, यावरून घरात वाद चालू आहे.